शेपटीविना सुसाट

त्रिकोणी पंखांचं, आडव्या शेपटीविना उडणारं डेल्टा विमान आपल्याला ओळखीचं झालं ते ‘तेजस’ या भारतीय लढाऊ विमानामुळे. त्याचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झालं. याच घडणीचं रेडिओ-नियंत्रित मॉडेल मुंबईच्या माटुंग्यातल्या घरातही बनवता येतं. फोमशीट, कार्बनची दांडी, मोटर, तिचा पंखा, वेगनियंत्रक, बॅटरी, रिमोट व रिसीव्हर आणि झडपा हलवणाऱ्या दोन छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो, एवढं पुरतं.

पंखांच्या मागच्या कडेला दोन झडपा असतात, त्यांना एलेव्हॉन म्हणतात. दोन्ही वर उचलल्या की नाक वर होतं. एक वर, एक खाली केली की विमान कलतं.

सगळं गणित गुरुत्वमध्याचं. निव्वळ त्रिकोणी पंखाचं वायुगतिक केंद्र, म्हणजे उचलेतले बदल जिथे एकवटतात तो बिंदू, मधल्या लांबीच्या साधारण निम्म्यावर येतं. लांबी ६० सेंटिमीटर असेल तर नाकापासून ३० वर. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, २६ च्या आसपास हवा. तो मागे सरकला, तर हातातून सुटताच विमान कोलांटी घेतं.

आता वेग. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, ६ इंच आणि फेरे मिनिटाला ३०,००० असतील, तर हिशेबाने ताशी २७४ किलोमीटर निघतात. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात सहसा कमीच मिळतात. वेग दुप्पट करायचा तर शक्ती जवळपास आठपट लागते.

मात्र उड्डाण माटुंग्यात नको. वस्ती दाट, विमानतळही जवळ. ‘ड्रोन नियम २०२१’नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते. आधी सरकारी हवाई नकाशा पाहा, शहराबाहेरचं मोकळं मैदान शोधा आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात ठेवा.