वैशिष्ट्यबिंदू शोधपद्धतींची कार्यक्षमता

अंकीय प्रतिमेतील कोपरे, ठिपके यांसारख्या वेगळ्या उठून दिसणाऱ्या जागा संगणकाने शोधणे यास वैशिष्ट्यबिंदू शोधन किंवा फीचर डिटेक्शन म्हणतात. एकाच वस्तूची दोन छायाचित्रे जुळवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. या पद्धतींची तुलना मुख्यतः वेग आणि पुनरावृत्तिक्षमता या निकषांवर केली जाते. कोन, अंतर किंवा प्रकाश बदलल्यावरही तेच बिंदू पुन्हा सापडण्याचे प्रमाण म्हणजे पुनरावृत्तिक्षमता.

हॅरिस व स्टीफन्स यांची १९८८ची कोपरा शोधण्याची पद्धत प्रतिमा फिरवली तरी टिकते. मात्र वस्तूचा आकार लहानमोठा झाल्यास ती कमी पडते. ही उणीव डेव्हिड लो यांच्या सिफ्ट पद्धतीने (१९९९) दूर केली. तीत प्रत्येक बिंदूचे वर्णन १२८ संख्यांनी होते, त्यामुळे गणन वाढते. सर्फ (२००६) त्याहून जलद आहे. ऑर्ब (२०११) पद्धतीत हेच वर्णन केवळ २५६ बिटांत मावते. ऑर्बच्या संशोधकांनी ६४०×४८० आकाराच्या प्रतिमांवर केलेल्या मोजणीत प्रत्येक प्रतिमेस ऑर्बला सुमारे १५, सर्फला २१७ आणि सिफ्टला ५,२२९ मिलिसेकंद लागले. अर्थात ही मोजणी ऑर्बच्या कर्त्यांचीच आहे आणि संगणकानुसार आकडे बदलतात.

केवळ वेगावरून निवड करणे किती फसवे ठरते, हे कापडाच्या प्रतिमेत स्पष्ट दिसते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे मोठे केंद्र आहे. मागावर ताण्याचा धागा तुटून लक्षात आला नाही, तर दोष कापडाच्या लांबीभर उतरत जातो. म्हणून तपासणी जलद हवी. परंतु साध्या विणीच्या कापडाच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रात ताणा व बाणा यांचा जवळजवळ प्रत्येक छेद कोपऱ्यासारखा भासतो. बिंदू हजारोंनी सापडतात, पण ते एकमेकांसारखेच असल्याने कोणता कोणाशी जुळवावा हे ठरत नाही. सर्वांत जवळची जोडी दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीपेक्षा पुरेशी सरस नसेल तर ती नाकारावी, अशी लो यांची कसोटी आहे. येथे ती लावल्यास खऱ्या जोड्याही बाद होतात.

विणीतील दोष म्हणजे पुनरावृत्ती मोडते ती जागा. ती शोधण्यास फूरिये रूपांतर किंवा गॅबोर गाळणी यांसारख्या पोताचा विचार करणाऱ्या पद्धती अधिक उपयुक्त ठरतात. मोठ्या छापील नक्षीचे कापड नमुन्याच्या प्रतिमेशी जुळवायचे असेल, तर मात्र ऑर्ब बहुधा पुरेशी असते.