यंत्राचा धाक

३ मे १९९७. न्यूयॉर्कच्या इक्विटेबल सेंटरमध्ये, ३५व्या मजल्यावर, बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव आणि आयबीएमचं ‘डीप ब्लू’ हे यंत्र यांच्यातला पहिला डाव संपत आला होता. यंत्राचा डाव तोवर हातचा गेलेला. अशात ४४व्या खेळीला यंत्राने आपला हत्ती भलत्याच घरात नेऊन ठेवला. का, ते कुणालाच कळेना. पुढच्या खेळीनंतर यंत्राच्या माणसांनी डाव सोडला. कास्पारोव जिंकला, पण तो हत्ती काही त्याच्या डोक्यातून जाईना. हॉटेलवर परतल्यावर त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ती स्थिती उलटीसुलटी करून पाहिली. निष्कर्ष असा निघाला, की सरळ खेळी केली असती तर वीसहून जास्त खेळ्यांनी यंत्रावर मात झाली असती आणि यंत्राला ते आधीच दिसलं असणार. एवढं लांबचं दिसणाऱ्याशी आपण खेळतोय तरी कसे?

पुढे बऱ्याच वर्षांनी डीप ब्लूच्या चमूतल्या मरे कॅम्पबेलने खरं काय ते सांगितलं. प्रोग्रॅममध्ये दोष होता. यंत्राला खेळी निवडता आली नाही, आणि अशा वेळेसाठी ठेवलेल्या सोयीनुसार त्याने कुठलीतरी एक खेळी करून टाकली. दुसऱ्या दिवशी तो दोष काढलाही गेला. म्हणजे कास्पारोव ज्याला घाबरला, ती अक्कल नव्हती, अडखळ होती.

माणूस विरुद्ध यंत्र या सामन्यांचा इतिहास साधारणपणे गणनशक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो धाकाचा इतिहास वाटतो.

यंत्र मात्र खरोखरच दांडगं होतं. दोन मोठी काळी कपाटं, वजन सुमारे १.४ टन, ३० प्रोसेसर आणि खास बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिप. सेकंदाला २० कोटी स्थिती तपासायचा त्याचा वेग. त्याचा मूळ कारागीर तैवानचा फेंग-श्युंग श्यू. कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकत असताना त्याने आणि त्याच्या मित्रांनी ‘डीप थॉट’ घडवलं होतं. त्या यंत्रानेच १९८८ साली बेंट लार्सनसारख्या ग्रँडमास्टरला हरवलं. काम करायची पद्धत सांगायला सोपी आहे. मी ही खेळी केली तर तू काय करशील, त्यावर मी काय करीन, असं झाड फुटत जातं. वाया जाणाऱ्या फांद्या छाटायच्या, आणि टोकाच्या प्रत्येक स्थितीला एक आकडा द्यायचा: प्यादी किती, राजा सुरक्षित आहे का, हत्तीला मोकळी पट्टी मिळाली का. ज्या वाटेने आकडा बरा, ती खेळी. आकडे कशाला किती द्यायचे, हे ठरवायला अमेरिकन ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन चमूत होता. तेव्हा पटाच्या त्या बाजूलाही माणसंच बसली होती, नुसती दिसत नव्हती इतकंच.

दुसरा डाव ४ मेचा. हा मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते. यंत्र पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होतं. ३६व्या-३७व्या खेळीला वजिराने आत घुसून प्यादी खायची संधी होती. त्या काळची यंत्रं खादाड असत, आणि हेही खाणार असंच कास्पारोवने धरलं होतं. यंत्राने खाल्लं नाही. उंट मधल्या घरात आणून बसवला आणि काळ्याच्या सगळ्या वाटा आवळल्या. अशी खेळी माणूस करतो, आणि तोही नावाजलेला. इथे कास्पारोवचा धीर सुटला. ४५व्या खेळीला त्याने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच साथीदारांनी त्याला सांगितलं, की वजीर ई-३ वर नेला असता तर शहामागून शह देत बरोबरी साधता आली असती. स्वतः डाव सोडला, तोही बरोबरीची वाट उरलेली असताना, हे कास्पारोवच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. समोर माणूस असता तर कास्पारोव तपासत बसला असता. यंत्राने ती वाट ठेवलीच नसणार, असं त्याने गृहीत धरलं.

तिसरा, चौथा, पाचवा डाव बरोबरीत. सहावा ११ मेला, १९ खेळ्यांत आटोपला. कारो-कान बचावात कास्पारोवने कडेचं प्यादं एक घर सरकवलं, आणि यंत्राने तडक ई-६ वर घोड्याचा बळी दिला. प्रेक्षकांना वाटलं, काय ही हिंमत! चमूतला स्पॅनिश ग्रँडमास्टर मिगेल इयेस्कास याने नंतर एका मुलाखतीत सांगितलं, की त्याच सकाळी ती खेळी यंत्राला पढवून ठेवली होती. सामना साडेतीन-अडीच असा यंत्राकडे गेला. वर्षभर आधी फिलाडेल्फियात हाच कास्पारोव ४-२ ने जिंकला होता. पुन्हा खेळा म्हटल्यावर आयबीएमने नकार दिला आणि यंत्र निवृत्त केलं. हे मात्र मला आजही खटकतं. फड जिंकून पुन्हा आखाड्यात न उतरणाऱ्या पहिलवानाला आमच्या वऱ्हाडात कुणी फेटा बांधत नाही.

आमच्या हिवरखेडला, अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, तेव्हा ही बातमी पोचायची ती पेपरातून. न्यूयॉर्कला डाव दुपारी तीनला सुरू व्हायचा, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. त्यामुळे निकाल एक दिवस शिळाच. गावात तेव्हा अकोला-खंडवा मीटरगेजची गाडी होती आणि बुद्धिबळाचं पुस्तक हवं तर शहरच गाठावं लागे.

धाक पुढे ओसरला, कारण कोण वरचढ याची शंकाच उरली नाही. १९९८ साली इटलीतल्या इस्कियात विश्वनाथन आनंद ‘रेबेल’ या प्रोग्रॅमशी खेळला. झटपट डावांत यंत्राने त्याला झोडपलं, पण पूर्ण वेळेच्या दोन डावांत दीड गुण आनंदचा. विचार करायला वेळ मिळाला की माणूस तेव्हा तग धरत होता. २००६ साली बॉनमध्ये तेही संपलं. जगज्जेता व्लादिमिर क्रामनिकला ‘डीप फ्रिट्झ’विरुद्ध दुसऱ्या डावात एका खेळीतली मात दिसली नाही. शाळेतलं पोरही जी पाहील ती. सामना ४-२ ने गेला, आणि असे मोठे सामने जवळपास थांबलेच. २००९ साली ब्यूनस आयर्सच्या एका स्पर्धेत मोबाइलवरच्या ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ने दहापैकी साडेनऊ गुण घेतले. टनभराचं कपाट बारा वर्षांत खिशात आलं.

आता ‘स्टॉकफिश’ हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि साध्या मोबाइलवर चालतो. कुठलाही जगज्जेता त्याच्यापुढे टिकणार नाही. म्हणून हिवरखेडच्या पोराला आणि मॉस्कोच्या पोराला आज एकच पंच मिळतो, ही काही लहान गोष्ट नाही. आमच्या विदर्भातून अमरावतीचा स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर झाला, नागपूरचे रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता झाले. जुलै २०२५ मध्ये बातुमीला १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. ही सगळी यंत्र हाताशी घेऊन वाढलेली पिढी.

पण धाक गेला म्हणता म्हणता नवा आला आहे. मोबाइलवर पटाच्या कडेला कोण वरचढ ते दाखवणारी एक उभी पट्टी असते, पांढरी-काळी, आणि तिच्यावर आकडा. प्यादं एक धरलं तर त्याच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा. पोट्टी पट पाहायच्या आधी पट्टी पाहतात. का बरी ही खेळी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “मशीन म्हन्ते ना काका, मंग बरोबरच असन!” आणि मशीन बहुतेक वेळा बरोबरच असतं, हीच पंचाईत आहे. ते निकाल देतं, कारण देत नाही. त्याच्या बरोबर खेळीमागे पंधरा खेळ्यांचा हिशेब असतो. पोराला घड्याळ चालू असताना तो हिशेब स्वतःला मांडायचा असतो, आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये मोबाइल नेता येत नाही.

म्हणून बरेच प्रशिक्षक आधी मशीन बंद ठेवायला लावतात. डाव हरलास, ठीक. वहीत लिही, कुठे वाटलं की बिघडलं, तिथे काय काय पाहिलंस, काय पाहिलंच नाहीस. ते लिहून झालं की मग मशीन लाव आणि ताडून बघ. अशा शिकवणीला मी एक स्थिती सुचवीन: ४ मेच्या डावातली शेवटची, काळ्याची खेळी. कास्पारोव होतास तर डाव सोडला असतास का? अर्धा तास, कागद-पेन्सिल, आणि पट्टी झाकून.