आठ तासांचं मार्सेय

(गोरेगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

भूमध्य समुद्राच्या क्रूझचा कार्यक्रम आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, नेपल्स. बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. मग प्रश्न असा येतो, की इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास ग्रीकांनी वसवलेलं मार्सेय आठ तासांत बघायचं कसं? माझं उत्तर सोपं आहे. अख्खं शहर बघायला जाऊ नका, त्याचा काठ बघा. या शहराचा बराचसा इतिहास काठावरच घडलाय, आणि त्यातला एक तुकडा आपला, मराठी माणसांचा आहे.

आधी भूगोल समजून घेऊ. मार्सेयला बंदरं दोन. एक जुनं बंदर, डोंगरांच्या कुशीत शिरलेली आयताकृती खाडी. ग्रीक इथेच उतरले. १९६७मध्ये खाडीच्या टोकाशी बांधकामासाठी खोदताना प्राचीन बंदराचे धक्के आणि तटबंदी सापडली. ते अवशेष आज उघड्यावर, बागेत आहेत. पण एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि खाडी अपुरी पडू लागली. म्हणून १८४४नंतर उत्तरेला, झोलियेत भागात, समुद्रात भिंत घालून नव्या गोद्या बांधल्या. आपल्याकडे मोठी मालवाहतूक मुंबई बंदरातून पलीकडे न्हावाशेवाला गेली, तसंच हे. आजचा क्रूझचा धक्का त्याहूनही उत्तरेला, जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटरवर आहे.

हे एवढं का सांगतोय? तर आपले प्रवासी जुन्या बंदरावर उभे राहतात, होड्यांचे फोटो काढतात आणि म्हणतात, 'सावरकरांनी उडी मारली ती इथेच.' ते तसं नाही. १९१०पर्यंत मोठ्या आगबोटी उत्तरेकडच्या गोद्यांत लागायच्या. तुमची बस झोलियेतकडून शहरात येते, तेव्हा उजव्या हाताला समुद्राकडे बघा. तो भाग तिकडे आहे.

आता ती घटना नीट पाहू. १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना लंडनला व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. १ जुलैला 'मोरिया' या बोटीवर चढवून त्यांना मुंबईकडे रवाना केलं. ७ जुलैच्या संध्याकाळी बोट मार्सेयला लागली. ८ तारखेला सकाळी ते शौचालयाच्या गोल खिडकीतून पाण्यात उतरले, पोहून धक्क्यावर चढले आणि पळू लागले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका ब्रिगेडियरने त्यांना पकडलं. बोटीवरून उतरलेल्या तिघांनी त्याला मदत केली. सावरकरांना परत बोटीवर नेलं, आणि ९ तारखेला बोट निघून गेली.

यात अडलं कुठे? माणूस बोटीवर होता तोवर प्रश्न एक होता, फ्रान्सच्या जमिनीवर पाय पडल्यावर दुसराच झाला. एका देशाच्या भूमीवर आलेला माणूस दुसऱ्या देशाच्या ताब्यात द्यायचा, तर त्याला रीतसर प्रत्यार्पण लागतं. धक्क्यावरच्या पोलिसाने हात धरून बोटीवर सोडणं म्हणजे प्रत्यार्पण नव्हे. फ्रान्समध्ये समाजवाद्यांनी हे उचलून धरलं. कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने 'ल्युमानिते'मध्ये लिहिलं. शेवटी ऑक्टोबर १९१०मध्ये दोन्ही सरकारांनी हा वाद हेगच्या लवाद न्यायालयाकडे सोपवला.

निकाल लागला २४ फेब्रुवारी १९११ला. लवादाने म्हटलं, की त्या अटकेत अनियमितता झाली. पण बळजबरी नव्हती, फसवणूक नव्हती, फ्रेंच पोलिसाने स्वतःहून मदत केली होती. म्हणून कैदी परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. म्हणजे चूक झाली हे मान्य, पण ती दुरुस्त करायची गरज नाही! आणि तोवर मुंबईत दोन जन्मठेपा सुनावून झाल्याही होत्या. पहिली २३ डिसेंबर १९१०ला, दुसरी ३० जानेवारी १९११ला. सावरकरांविषयी आपली मतं काहीही असोत, पकडण्याची रीत चुकली तर पकडणं टिकतं का, या चर्चेत हा खटला येतोच.

हे शहर सावरकरांना आधीपासून जवळचं होतं, हेही लक्षात घ्या. इटलीतून हद्दपार झालेल्या मॅझिनीने १८३१मध्ये 'तरुण इटली' ही संघटना मार्सेयमध्येच स्थापन केली. सावरकरांचं मॅझिनीवरचं मराठी पुस्तक १९०७चं.

त्या काळी मुंबईहून विलायतेला जाणारे बरेच जण इथे उतरून रेल्वे धरायचे, जिब्राल्टरचा वळसा वाचायचा. गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी ११ सप्टेंबर १९३१ रोजी इथेच उतरले. आणि सप्टेंबर १९१४च्या अखेरीला हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन इथे उतरली. तिच्यात खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. महिन्याभरात, २८ ऑक्टोबरला, न्यव्ह शापेलच्या लढाईत त्या अक्षरशः खर्ची पडल्या. मार्सेयच्या दक्षिणेला मझार्ग इथल्या युद्धस्मशानभूमीत हिंदी सैनिकांचं स्मारक आहे.

मग आठ तासांचं काय करायचं? झोलियेतला उतरा. तिथून समुद्राला धरून चालत मोठ्या कॅथेड्रलवरून सेंट जाँ किल्ल्यापर्यंत या. शेजारी २०१३मध्ये उघडलेलं भूमध्य संस्कृतीचं संग्रहालय आहे. पुढे जुन्या बंदराच्या उत्तर काठावर इमारती एकसारख्या दिसतील. १९४३मध्ये जर्मनांनी तिथली वस्ती रिकामी करून सुरुंगाने उडवली, त्या जागी हे बांधकाम झालं. वेळ उरला तर टेकडीवरच्या नोत्र दामला जा. आत छतापासून छोट्या बोटी टांगल्यात. समुद्रातून सुखरूप परतलेल्यांनी फेडलेले हे नवस. मझार्गला जायचं असेल, तर मात्र संग्रहालय सोडा. दोन्ही होणार नाही.

आणि व्हिसाचं बघून ठेवा. मधे ट्युनिससारखं शेंगेनबाहेरचं बंदर असेल, तर बोट परत युरोपात आल्यावर आपला तो नवा प्रवेश ठरतो. त्यासाठी मल्टिपल एंट्रीच लागते. बोटीची शिडी उतरणं म्हणजे हद्द ओलांडणं, हे १९१०ला खरं होतं आणि आजही आहे. आपल्याला ती ओलांडायला पासपोर्ट आणि व्हिसा पुरतात, एवढाच फरक.