चाकातून निघणारी वाफ

बोरघाट उतरताना येणारा तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. जळक्या रबरासारखा वाटतो, पण तो रबराचा नसतो. पुढच्या लादलेल्या ट्रकच्या मागच्या चाकांतून निळसर धूर निघत असतो, आणि आपला ड्रायव्हर ‘ब्रेकचा लायनर तापलाय त्याचा’ एवढंच म्हणून गाडी जरा मागे ठेवतो. लहानपणी मला वाटायचं, ट्रकचं खरं काम डोंगर चढण्याचं. ते उतरण्याचं असतं, हे घाटातल्या चहाच्या टपरीवर बसलं की कळतं. ‘ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ हा मंत्र तिथे नवख्या क्लीनरलाही पाठ असतो.

आता हेच ट्रक शर्यतीच्या ट्रॅकवर उतरवले तर?

जर्मनीत आयफेल डोंगराच्या कुशीत न्यूरबर्गरिंग नावाचा ट्रॅक आहे. १९८६पासून तिथे उन्हाळ्यात ट्रकांची ग्रां प्री भरते. शर्यतीबरोबर कंट्री संगीताचा मोठा जलसा असतो. आपल्याकडे जत्रेला बैलगाड्या सजवून नेतात तसे तिकडचे ट्रकवाले आपापली रंगवलेली वाहनं घेऊन येतात, आणि भोंग्यांनी दरी दणाणते. ट्रॅकवर मात्र ट्रेलर नसतो, पळते ती नुसती पुढची ओढगाडी. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या नियमानुसार तिचं वजन किमान ५३०० किलो. डिझेल इंजिन जास्तीत जास्त १३ लिटरचं, पण त्यातून हजाराहून अधिक अश्वशक्ती निघते. वजन खाली आणि मागे सरकावं म्हणून इंजिन मूळ जागेवरून मागे नेलेलं असतं. वळणावर उंच गाडी कलंडते ती गुरुत्वमध्य वर असला म्हणून. ऊस वर रचलेली ट्रॉली बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात गमतीचा नियम पुढेच आहे. इतकी ताकद देऊन वर वेगाला लगाम घातलाय : ताशी १६० किलोमीटर. त्यापुढे गेलात की दंड. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नियम करंटा वाटला. शर्यतच आहे तर पळू द्या की! पण थोडा विचार केला तेव्हा त्यातली गोम लक्षात आली. सरळ पट्ट्यावर सगळ्यांचाच वेग १६०ला येऊन थांबतो. दोन ट्रक शेजारी शेजारी, आरशाला आरसा लावून धावत राहतात आणि कोणी कोणाला हार जात नाही. पुढे जायची जागा उरते ती पट्ट्याच्या टोकाला, वळणाआधी. जो दहा मीटर उशिरा ब्रेक दाबेल आणि तरीही ट्रॅकवर राहील, तो पुढे. १९८०च्या दशकापासून युरोपात या शर्यती चालल्या आहेत, आणि योखेन हान, नॉर्बर्ट किश अशा अनेकवार विजेत्यांची खरी कमाई या दहा मीटरांत आहे, असं मी म्हणेन.

जरा आकडेमोड करू. ५३०० किलोचा ट्रक १६०वरून ६०वर आणायचा, तर साधारण ४५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. वेळ मिळतो जेमतेम पाच सेकंद. म्हणजे त्या पाच सेकंदांत घरातले २ किलोवॉटचे साडेचारशे गीझर एकदम चालू केल्याइतकी उष्णता. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी इंजिन खातं. बाकीची चार चाकांवरच्या ब्रेकच्या चकत्यांच्या अंगावर येते. इंजिन जितक्या ताकदीने पळवतं, तितक्याच ताकदीने ब्रेकनी थांबवायचं. आणि अर्ध्या मिनिटात पुढचं वळण आलेलं असतं. लोखंडाला गार व्हायला उसंतच नाही.

म्हणून हे ट्रक पाणी घेऊन पळतात. साधारण २०० लिटरची टाकी, तिच्यातून नळ्या थेट चाकांपर्यंत, आणि ब्रेक दाबला की चकतीवर फवारा. उन्हाळ्यात माठ ज्या युक्तीने गार राहतो तीच ही युक्ती. पाणी नुसतं गरम होताना फार उष्णता घेत नाही. वाफ होताना घेतं. दहावीच्या पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हटलंय. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३ लाख ज्यूल लागतात, पण तेच पाणी सगळं वाफेत घालवायला आणखी साडेबावीस लाख. त्या हिशेबाने वर सांगितलेला एक ब्रेक पावणेदोन लिटर पाण्यात भागायला हवा. प्रत्यक्षात इतकं स्वस्तात भागत नाही. बरंचसं पाणी वाफ न होताच उडून जातं.

का उडून जातं, ते तव्यावर बघा. घावन घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडतात. तवा बेताचा तापला असेल तर चर्र होऊन थेंब विरतो. फार तापला असेल तर थेंब मण्यासारखा गोल होऊन तव्यावर नाचत फिरतो आणि कितीतरी वेळ टिकतो. त्याच्या पोटाखाली वाफेची गादी तयार होते, त्यामुळे तो लोखंडाला टेकतच नाही. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६मध्ये हे लिहून ठेवलं. त्याने लाल तापवलेल्या लोखंडी चमच्यात थेंब टाकून पाहिला होता. तो शिकवायचा ते डुइसबुर्ग न्यूरबर्गरिंगपासून फार लांब नाही. ट्रकवाल्याला हा नाचरा थेंब नको असतो. पाणी चकतीला भिडायला हवं, म्हणून ते जोराच्या फवाऱ्याने मारायचं आणि चकती लालबुंद व्हायची वाट न बघता आधीच सोडायला लागायचं. उशीर केला तर दुसरं संकट : तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की त्याला तडे जातात.

चीनच्या डोंगराळ भागातले मालट्रकवाले हेच गावठी पद्धतीने करत आलेत. टपावर पाण्याची टाकी आणि ब्रेकच्या ड्रमवर ठिबकणाऱ्या नळ्या. थंडीत मात्र ते पाणी रस्त्यावर गोठतं आणि मागच्याच्या जिवावर उठतं.

आपल्याकडेही २०१४च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटांच्या प्रायमा ट्रकांची शर्यत झाली. पहिल्या वर्षी चालक परदेशी होते. पुढे महामार्गांवरच्या भारतीय ट्रकचालकांनाही शिकवून उतरवलं गेलं. मला त्यांचं कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटतं. आयुष्यभर ब्रेक वाचवून चालवायचं शिकलेल्या माणसाला शेवटच्या क्षणापर्यंत तो दाबू नकोस आणि मग पूर्ण दाब, हे सांगणं म्हणजे हाडात मुरलेली सवय उपटून काढणं.

न्यूरबर्गरिंगवर ट्रकांचा ट्रॅक सुमारे ३.६ किलोमीटरचा आहे आणि शर्यत ४५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे बारा-एक फेऱ्या. दोनशे लिटर तेवढ्यात पुरवायचे. सुरुवातीला उधळलं तर शेवटी चाकं कोरडी, आणि जपून वापरलं तर पुढचा निसटतो. त्यातून पाणी जसं कमी होतं तसा ट्रक शंभर-दीडशे किलोंनी हलका होत जातो आणि वळणावर वेगळा वागायला लागतो.

स्टँडमध्ये बसून टाकीचा काटा दिसत नाही, पण चाकं दिसतात. पहिल्या फेऱ्यांत प्रत्येक वळणावर कापसासारखे पांढरे लोट उठतात. शेवटच्या दोन फेऱ्यांत कुणाचे लोट विरळ होतात, आणि मग एखाद्या चाकातून निघतो तो पांढरा नसतो, निळसर असतो. त्याच्या मागचा चालक तो बरोबर ओळखतो आणि पुढच्या वळणावर दहा मीटर उशिरा ब्रेक दाबतो.