तेरणेच्या शेवाळांतील मरळ

शेतकीच्या मासिकांत गळानें मासे धरण्याचा विषय पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. आणि आपल्या जिल्ह्यांत माळकरी मंडळी पुष्कळ असल्यामुळें कांहींस तो रुचणारहि नाहीं. तथापि ज्याचें शेत नदीस लागून आहे त्याच्या खतामातीचा व नदींतील माशांचा संबंध फार निकटचा आहे. मासे खाणाऱ्यानें व न खाणाऱ्यानेंहि तो ध्यानांत घ्यावा, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला आहे.

धाराशिव जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटाच्या पठारावर आहे. येथें पडलेलें पाणी दोन वाटांनीं जातें. तेरणेचें पाणी मांजरेंतून गोदावरीस मिळतें. सीना व बोरी यांचें पाणी भीमेच्या वाटेनें कृष्णेस जातें. ह्या नद्या बारमाही दुथडी वाहणाऱ्या नव्हेत. पाऊस सरला म्हणजे ओघ क्षीण होतो व ठिकठिकाणीं डोह उरतात. प्राचीन तगर म्हणजेच आजचें तेर, संत गोरोबाकाकांचें गांव, जिच्या कांठीं वसलें आहे ती तेरणाहि अशीच. संथ पाणी, तळाशीं काळा गाळ, कांठास पाणकणीस, लव्हाळा व बेशरम, आणि पाण्यांत शेवाळाचे पुंजके, असें तिचें रूप आम्हीं नेहमीं पाहतों.

इंग्रज अधिकारी ज्याच्यासाठीं डोंगरी नद्यांवर मुक्काम करीत, तो महसीर मासा वाहतें व स्वच्छ पाणी मागतो. आमच्या डोहांतील मरळ, वाम, शिंगटी हे सामान्य जनांचे मासे होत. पण गळाचा छंद ह्या मुलखास नवा नाहीं. उमरगा तालुक्याच्या शेजारीं असलेल्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत मानसोल्लास नांवाचा ग्रंथ रचिला. त्यांत मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण असून माशांच्या जाति, त्यांचें खाद्य व गळ टाकण्याची रीति यांचें वर्णन केलें आहे.

ह्या माशांपैकीं मरळ विशेष समजून घेण्याजोगी आहे. ती केवळ पाण्यांतील प्राणवायूवर विसंबून नसते. मधून मधून वर येऊन ती हवेंतील श्वास घेते, म्हणून कोंदट पाण्यांतहि तगते. तिला धरण्यासाठीं बांबूची बळकट काठी व जाड दोरी लागते. शेवाळाच्या दोन पुंजक्यांमधील उघड्या जागेंत, गळास लाविलेला लहान बेडूक पाण्याच्या वरच्या वर हालवीत ठेवितात. मरळ खालून झेप घेते. ती लागतांच उघड्या पाण्याकडे ओढावी. नाहीं तर शेवाळांत शिरून दोरी गुंतविते. शिंगटीस मात्र सायंकाळीं तळाशीं गांडूळ सोडावें, आणि गळ काढतांना तिच्या कांट्यांस जपावें.

पावसाळ्यांत मरळीची जोडी शेवाळांत वाटोळी जागा मोकळी करिते. तेथें पिंवळसर अंडीं तरंगतात, व थोड्याच दिवसांत तांबूस पिल्लांचा दाट थवा पाण्यावर दिसूं लागतो. आईबाप त्याच्या खालीं राहून कित्येक दिवस राखण करितात, आणि जवळ येणाऱ्या कोणत्याहि वस्तूवर तुटून पडतात. हा त्यांचा गुणच त्यांचा घात करितो. कारण थव्याजवळ टाकिलेल्या गळावर भूक नसतांहि ते धांवून येतात.

ही गोष्ट मी पुस्तकांत वाचण्यापूर्वीं स्वतःच्या चुकीनें शिकलों. महसूल खात्यांत कारकून असतांना एका श्रावणांत सुटीच्या दिवशीं मीं अशा थव्याखालून दोन्ही मरळी एकाच सकाळीं काढल्या व मोठा पराक्रम केला असें मानिलें. कांठावर एक वृद्ध भोई जाळें सुकवीत होते. ते म्हणाले, “भाऊसाहेब, तुमचं आजचं कालवण झालं, पर त्या लेकरांना आता कोण राखायचं?” मीं हंसून वेळ मारून नेली. दुपारपर्यंत तो तांबडा थवा विस्कटून गेला. कडेला बगळे टिपीत उभे होते. पुढील दोन पावसाळे त्या डोहांत मला थवा दिसला नाहीं. तें सर्व माझ्याच हातून झालें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु कारकुनी भाषेंत बोलावयाचें तर मीं व्याज सोडून मुद्दल उचललें होतें.

आतां शेवाळाविषयीं. शेतांतून वाहून गेलेलें खत पाण्यांतील गवतास पोसतें. गवत फार माजलें म्हणजे रात्रीं तें पाण्यांतील प्राणवायु ओढून घेतें, आणि पहांटे इतर मासे तोंड वर करून तडफडूं लागतात. म्हणून तें काढावेंच. पण सरसकट नव्हे. डोहाचा मध्य मोकळा करावा व कांठची पट्टी राखावी, कारण तोच पिल्लांचा पाळणा आहे. हें काम पावसापूर्वीं उरकावें. आषाढश्रावणांत त्यास हात लावूं नये. काढलेलें शेवाळ कांठावर सुकवून शेण व पालापाचोळ्यासह खड्ड्यांत कुजविल्यास वाहून गेलेलें खत पुनः शेतांत येतें. बेशरमाच्या कांड्या मात्र खड्ड्यांत टाकूं नयेत; त्या ओल्या मातींत फुटतात, आणि तिचा पाला शेळ्यांस विषारी असतो.

सुरुंगाची दारू व विष घालून मासे मारण्यास ब्रिटिश हिंदुस्थानांत १८९७ सालींच कायद्यानें बंदी झाली. तरीहि आटत्या डोहांत असा मोह कोणास होतो, तेव्हां कांठच्या शेतकऱ्यानेंच आडवें यावें. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. अशा सालीं एखाद्या डोहांत उरलेल्या चार मरळी हें सबंध नदीचें बियाणें असतें. दुष्काळांतहि बियाण्याच्या कणगीस हात न लावणारा आमचा शेतकरी ही गोष्ट सहज समजेल. ज्यांस गळाचा छंद आहे त्यांनीं तो दिवाळीनंतर खुशाल करावा; परंतु पाण्यावर तांबडा थवा दिसला तर काठी गुंडाळून घरीं परतावें, अशी माझी विनंति आहे. मीं त्या सकाळीं तसें केलें नाहीं.