पोत्यांचा बांध आणि कॉलेजचं वेळापत्रक

सिमेंटचं रिकामं पोतं मातीनं भरायला दोन माणसं लागतात. एकानं तोंड ताणून धरायचं, दुसऱ्यानं घमेल्यानं माती ओतायची. काठोकाठ भरलेलं पोतं गोल होतं, ते जागेवर बसत नाही. दोन तृतीयांश भरलं तरच आडवं टाकल्यावर उशीसारखं पसरतं आणि शेजारच्या पोत्याला चिकटतं. मग दाभण आणि सुतळी. पहिल्या दिवशी दाभण बोटात जातं, दुसऱ्या दिवशी टाके सरळ पडू लागतात आणि तिसऱ्या दिवशी एस.वाय. बी.कॉम.चा मुलगा जन्मभर पोतीच शिवत आल्यासारखा बाकीच्यांना शिकवू लागतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे आपल्या एनएसएसच्या, शिबिरात जे कुणी गेले आहेत त्यांना हा बांध ओळखीचा असेल. वनराई बंधारा. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेचं नाव त्याला चिकटलं आणि आता ते सरकारी परिपत्रकापासून ग्रामसभेपर्यंत सगळीकडे तसंच चालतं. इंजिनिअर लागत नाही, सिमेंट लागत नाही, फक्त सिमेंटची पोती लागतात. पाऊस सरल्यावर नाला वाहता असतो, तेव्हा दोन्ही काठ घट्ट असलेली अरुंद जागा बघायची. तळातला गाळ काढून कडक थर उघडा करायचा, नाहीतर पाणी बांधाखालून पळतं. मग विटांसारखी सांधेमोड करत पोत्यांचे थर लावायचे. तळाला रुंद, वर निमुळते. थरांमध्ये चिकट माती लिंपायची, पाण्याच्या बाजूनं तिचाच जाड लेप द्यायचा आणि जादा पाणी जायला वर एक खोलगट वाट ठेवायची. ती वाट ठेवायला विसरलेले बांध मी पाहिले आहेत. ते फार दिवस पाहायला मिळत नाहीत.

हिशेब सोपा आहे. नाला दहा मीटर रुंद, बांध मीटरभर उंच, जाडी सरासरी दीड मीटर धरली तर पाच-सहाशे पोती सहज जातात. शिबिरात मुलं-मुली पन्नास. म्हणजे माणशी दहा-बारा पोती, प्रत्येक पोतं तीसेक किलोचं. नाल्याला शंभर मीटरला एक मीटर उतार असेल तर पाणी मागे शंभर मीटर तुंबतं, आणि ते भरतं पाच लाख लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. शिवाय नाला वाहता आहे तोवर हे पाणी काठानं मुरत राहतं आणि मागून भरत राहतं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, त्यामुळे नाल्याकाठच्या विहिरींना फरक लगेच कळतो. हरभऱ्याला एक पाणी जास्त मिळतं. गुरांना जवळ पाणी मिळतं. बायकांची धुण्याची पायपीट थोडी कमी होते. अपेक्षा एवढीच ठेवावी. ‘गाव जलसमृद्ध’ वगैरे मथळे बातमीदारांवर सोडावेत.

ज्या एनएसएसमधून ही शिबिरं भरतात, तिची जन्मकथा महाराष्ट्राला जरा जवळची आहे. विद्यार्थ्यांनी वर्षभर देशासाठी काम करावं का, हे ठरवायला १९५९ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपले चिंतामणराव देशमुख. समितीनं सांगितलं, की शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष सेवा सक्तीची करा. खर्चाचा आकडा पाहून सरकारनं ते बाजूला ठेवलं. पुढे कोठारी आयोगानं विषय पुन्हा काढला आणि अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, तेव्हाचे शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत योजना सुरू केली. सुरुवातीला विद्यार्थी होते ४०,०००. सक्ती गेली, वर्ष गेलं. उरले दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक शिबिर. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे स्वयंसेवकानं चोवीस तास तयार असावं. २४० तासांना चोवीसनं भागलं तर दहा दिवस येतात, हा विचार शिबिरात रात्री सतरंजीवर पडल्या पडल्या माझ्या मनात आला होता.

शिबिराचा साचा सगळीकडे सारखाच. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर देवळाच्या सभामंडपात. पहाटे प्रभातफेरी, साने गुरुजींची प्रार्थना, पोहे, आणि उन्हं चढायच्या आत टिकाव-फावडी घेऊन श्रमदान. दुपारी कुणीतरी पाहुणे ‘युवक आणि राष्ट्रबांधणी’वर बोलतात, तेव्हा निम्मं शिबिर बसल्या जागी झोपतं. संध्याकाळी गावात सर्वेक्षण, रात्री गाणी, नकला. स्वयंपाकाच्या पाळ्या मुलांवरही येतात आणि आयुष्यातली पहिली भाकरी तिथं थापणारे कितीतरी जण आहेत. गावातल्या आज्या ती भाकरी बघून हसतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चुलीशी येऊन बसतात. लोकसहभाग हा शब्द अहवालात मोठा दिसतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो इथून सुरू होतो.

या सगळ्यात अडचण आहे ती तारखेची. बांध घालायचा काळ म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाल्याला धार असते तेव्हा. कॉलेजात तेव्हा सत्र परीक्षा चालू असतात. मग दिवाळीची सुट्टी. त्यानंतर विद्यापीठाचं पत्र, निधी, दत्तक गावाची बैठक, आणि शिबिर पडतं डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत. पावसाच्या छायेतल्या तालुक्यांमध्ये तोवर कितीतरी नाले आटलेले असतात. आमच्या शिबिरात असंच झालं. सात दिवस घाम गाळून आम्ही देखणा बांध घातला, समारोपाला पाहुण्यांनी त्यावर नारळ फोडला, फोटो झाले. नाल्यात मात्र पाण्याचं डबकंसुद्धा नव्हतं. एक म्हातारबाबा काठावर बसून सगळा वेळ बघत होते. जाताना आमच्या सरांना म्हणाले, “सर, पोरं गुणाची हायेत. फकस्त दिवाळीच्या आधी यायला पायजे हुतं.”

सर खजील झाले, पण कामाचा माणूस. पुढच्या वर्षी त्यांनी शिबिराची वाट पाहिलीच नाही. नियमित कामाचे जे १२० तास दरवर्षी भरायचे असतात, त्यातले काही त्यांनी ऑक्टोबरमधल्या तीन रविवारांवर टाकले. एसटीनं सकाळी जायचं, संध्याकाळी परत. पोती गावानं आधी जमवून ठेवलेली. बांध छोटाच झाला, नारळ फुटला नाही, फोटोही धड नाहीत. पण त्यात पाणी अडलं. ज्या ज्या ठिकाणी कॉलेजचं पर्यावरणाचं काम टिकलेलं मला दिसलं, तिथं कुणीतरी असंच वेळापत्रक वाकवलेलं होतं.

झाडांचंही तेच. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केल्यापासून. खड्डे, रोपं, हातात बॅनर. रोपाला खरी गरज असते ती फेब्रुवारी ते मे, आणि तेव्हा कॉलेजात परीक्षा, मग सुट्टी. शिपाईमामांनी बादली ओतली तर झाड जगतं. आता कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात पर्यावरणाला गुण आहेत, त्यामुळे हरित लेखापरीक्षण होतं, छतावर सौर पॅनेल बसतात, कोपऱ्यात गांडूळखताचा हौद दिसतो. पॅनेल आणि हौद चांगलेच, माझी तक्रार नाही. पण लावलेल्या झाडांइतकीच तीन वर्षांनी जगलेली झाडंही नॅकच्या समितीनं मोजावीत. तसंच सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पुढे पदवीला सक्तीच्या झालेल्या पर्यावरणाच्या पेपराचं. त्याचा प्रकल्प मागच्या वर्षीच्या मित्राच्या वहीतून उतरवलेला नाही, असं शपथेवर सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

वर्षभर काम कसं होतं, याचं उत्तर साताऱ्यात जुनंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज. तिथं मुलानं राबायचं आणि त्या कामावर शिकायचं. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण विहीर, शेत आणि वसतिगृहाचं जेवण एकाच हिशेबात होतं. ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना पुढे राज्यातल्या विद्यापीठांनी उचलली. आज अनेक कॉलेजांच्या बागा याच योजनेतली मुलं राखतात. एनएसएसच्या मुलांनी जुलैत लावलेलं रोप एप्रिलमध्ये जगलेलं दिसलं, तर त्यामागे तासाच्या मोबदल्यावर नळी धरणारा एखादा कमवा-शिकाचा मुलगा असण्याची शक्यता बरीच.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं उदाहरण मोठ्या मापाचं आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा. तिथं तलाव आणि शेततळी करून पावसाचं पाणी आवारातच अडवलं गेलं. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरचे पाणी उपसा पंप बुडाले, चहूकडे पाणी आणि नळ कोरडे अशी गत झाली, तेव्हा विद्यापीठानं आपलं शुद्ध केलेलं पाणी नागरिकांना दिलं. जमीन स्वतःची, माणसं बारा महिने जागेवर. सात दिवसांच्या शिबिराला हे जमणार नाही आणि त्यानं तसा आवही आणू नये.

आता बांधाची खोट. सिमेंटचं पोतं आज प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं विणलेलं असतं. उन्हाळाभर ते तापतं, ठिसूळ होतं आणि पावसाचा पहिला लोंढा आला की माती एकीकडे आणि चिंध्या दुसरीकडे जातात. बाभळीच्या झुडपांना अडकलेल्या त्या पांढऱ्या दोऱ्या मी ओढ्याच्या खालच्या अंगाला मैलभर पाहिल्या आहेत. पाणी अडवण्याच्या भल्या कामातून आपण ओढ्याला कचरा देतो, हे मान्य केलं पाहिजे. उपाय अवघड नाही. मे महिन्यात बांध उकलायचा, बरी पोती पुढच्या सालाला ठेवायची, फाटकी भंगारात द्यायची. मे महिन्यात कॉलेज बंद. म्हणून बांध घालतानाच गावातल्या कुणाचं तरी नाव त्यासाठी ठरवून घ्यावं लागतं, आणि ते नाव सरपंचाचं असून चालत नाही. त्या नाल्याकाठी ज्याची विहीर आहे त्याचं असावं लागतं.

तुमच्याकडे बांधकाम चालू असेल तर एक करा. गवंडी सिमेंटचं पोतं फावड्याच्या एका घावानं मधोमध फाडतात, तसं फाडू देऊ नका. तोंडाची शिवण उसवायला सांगा, पोती झटकून घडी घालून ठेवा आणि दिवाळीच्या आधी, नंतर नव्हे, जवळच्या कॉलेजात एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी कोण आहेत ते विचारा.