हिशेबाची दुसरी प्रत दुकानाबाहेर हवी

कापडाच्या धंद्यात माल जळाला तर पंचनामा होतो, विमा असेल तर चार पैसे परत येतात. पण उधारीची यादीच गेली तर कोणाकडे किती मागायचे? मनमाडच्या दुकानदाराचा माल मालेगाव, भिवंडी, सुरतेहून येतो आणि नांदगाव, चांदवड, येवल्याच्या खेड्यापाड्यांत उधारीवर जातो. हा सारा देण्याघेण्याचा पसारा आता एका कम्प्युटरमधील एका डिस्कवर असतो. ही डिस्क यंत्रच आहे, एक दिवस बंद पडणारच. त्यात आपल्याकडची विजेची ये-जा.

जुन्या मुनीमजींची पद्धत आठवा. नोंद आधी रोजमेळात, मग खतावणीत. बिलबुकात कार्बनखाली दुसरी प्रत. एक वही हरवली तरी दुसरीवरून हिशेब उभा करता येई. कम्प्युटर आला, बेरजेचा त्रास गेला आणि त्याबरोबर ही दुसरी प्रतही गेली. ती आता मुद्दाम काढावी लागते. तिलाच बॅकअप म्हणतात.

ही केवळ सोय नाही, कायद्याचीही गरज आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. म्हणजे २०२३-२४ चा हिशेब, ज्याच्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, तो २०३० संपेपर्यंत हाताशी हवा. अपील चालू असेल तर त्याहूनही पुढे. हिशेब कम्प्युटरवर असेल तर अपघाताने नष्ट झाल्यास वाजवी वेळात परत उभा करता येईल असा बॅकअप ठेवावा, असे जीएसटी नियमांतील ५७ वा नियम सांगतो. "कम्प्युटर खराब झाला" हे उत्तर तपासणीत चालणार नाही.

प्रत कशाची काढायची? टॅली प्राइम वापरणाऱ्यांनी आल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबावीत, बॅकअपचा पर्याय दिसतो. आपली कंपनी निवडून बाहेरच्या डिस्कचा पत्ता द्यावा. पण हिशेब म्हणजेच सर्व काही नव्हे. भरतकामाच्या मशीनवाल्या कारागिरांची खरी पुंजी त्यांच्या डिझाइनच्या डीएसटी फाइली. छापखानेवाल्यांच्या कोरलच्या फाइली आणि उर्दू पत्रिकांच्या इनपेजच्या फाइली, त्याही फाँटसह. फाँट नसेल तर नव्या मशीनवर मजकुराचे रूपच बदलते. हे सारे डेस्कटॉपवर इकडेतिकडे पसरलेले असते. आधी एका फोल्डरमध्ये आणावे, मग प्रत काढावी.

आता ठेवायचे कशावर? पेन ड्राइव्ह हे नेण्याआणण्याचे साधन आहे, जपण्याचे नाही. खिशात हरवतो, हलका माल असेल तर लवकर खराब होतो आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर त्यातील मजकूर टिकेलच असे नाही. यूएसबीने जोडायची बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, आणि एक नव्हे, दोन. दुकानाच्या हिशेबाला एक टेराबाइट भरपूर झाले. काहींना मोठी फाइल चढत नाही म्हणून डिस्कच खराब वाटते. पुष्कळदा ती फॅट-३२ पद्धतीने तयार केलेली असते आणि त्या पद्धतीत चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. अशी डिस्क रिकामी असतानाच एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉर्मॅट करून घ्यावी, म्हणजे अडचण मिटते.

डिस्क दोन का, आणि काम झाल्यावर काढून का ठेवायची, हे २७ जून २०१७ च्या घटनेवरून कळते. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे कम्प्युटर बंद पडले. आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही थांबले. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते, पण ते सारे एकमेकांना जोडलेले, म्हणून एकदमच पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातला. का? व्हायरस आला त्या वेळी तिथली वीज गेली होती! ती प्रत माणसांकरवी नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला नेली, तेव्हा कारभार पुन्हा उभा राहिला. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कम्प्युटर नव्याने बसवावे लागले. आपल्याकडे वीज जाण्याला आपण दोष देतो. तिथे तिनेच अब्रू राखली.

सतत जोडून ठेवलेली डिस्क कम्प्युटरबरोबरच बुडते. म्हणून एक दुकानात, कपाटात, दुसरी घरी. मालेगावच्या यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते, तसा एक वार ठरवावा आणि त्या दिवशी दोन्हींची अदलाबदल करावी. रोजची प्रत दुकानातल्या डिस्कवर. डिस्क काढताना कम्प्युटरला आधी सांगून, मगच वायर ओढावी. गूगल ड्राइव्हसारखी इंटरनेटवरील जागा वापरावी, पण तिच्यावरच विसंबू नये : तिथे जोडलेल्या फोल्डरमधून मुलाने फाइल पुसली की तिकडचीही पुसते आणि कचरापेटीत फक्त ३० दिवस राहते.

ज्यांचा कम्प्युटर अजून विंडोज १० वर आहे त्यांनी ध्यानात घ्यावे की त्याची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नवे मशीन घेण्याआधी प्रत काढावी, नंतर नव्हे.

प्रत काढली एवढ्याने भागत नाही, ती उघडते का हे पाहावे. तीन महिन्यांतून एकदा वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्य तर अकाउंटंटच्या मशीनवर, बॅकअप उघडून चार ग्राहकांची बाकी जुळवावी. चालू हिशेबाच्या जागी उघडू नये. जुना आकडा नव्यावर बसेल.

या डिस्कमध्ये ग्राहकांचे मोबाइल नंबर आणि बाकी असते, ती आपल्याकडची अमानत आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, त्याने डिस्कला कुलूप लावता येते. पण पासवर्ड आणि त्यासोबत मिळणारी रिकव्हरी की दोन्ही हरवल्या तर कोणताही कारागीर ते उघडू शकत नाही; म्हणून त्या कागदावर लिहून घरात एका जबाबदार माणसाकडे द्याव्यात. डिस्क जुनी होऊन खडखडू लागली की नवी घ्यावी आणि जुनी भंगारवाल्याला देण्याआधी हातोडीने फोडावी.